इल्या माश्कोव्हची स्थिरवस्तुचित्रे : एका रूढ मताचा विचार

रशियन चित्रकार इल्या माश्कोव्ह (१८८१–१९४४) हा आरंभी बंडखोर होता व पुढे शासनमान्य वास्तववादाला शरण गेला, असे मत रूढ आहे. हे मत सर्वस्वी चुकीचे नाही. तथापि त्याच्या स्थिरवस्तुचित्रांकडे पाहता ते अपुरे वाटते.

डिसेंबर १९१० मध्ये मॉस्को येथे भरलेल्या ‘चौकट गुलाम’ या प्रदर्शनात कोंचालोव्स्की, लेंतुलोव्ह प्रभृतींसह माश्कोव्ह अग्रभागी होता. सेझान व मातीस यांचा संस्कार या मंडळींवर होताच. पण दुकानांच्या रंगीत पाट्या आणि लोककलेतील रंगविलेली तबके यांचेही त्यांना तितकेच आकर्षण होते. माश्कोव्हच्या ‘निळे आलुबुखार’ (१९१०) या चित्रातील जाड बाह्यरेषा व भडक रंग पाटीचेच आहेत. मात्र ही पाटी काहीही विकत नाही. फळ येथे केवळ रंगाचे निमित्त आहे.

‘मॉस्कोचे खाद्य : पाव’ (१९२४) या चित्रात पावाचा खरपूस पापुद्रा, त्याचे वजन व चकाकी यांना प्राधान्य आले. १९२१–२२ च्या दुष्काळानंतर खाजगी व्यापाराला मुभा मिळालेल्या काळातील ही समृद्धी आहे. पाटी आता खरोखरच गिऱ्हाइकाला बोलावू लागली. परंतु पाव अद्याप पावच राहिला.

‘सोव्हिएत पाव’ (१९३६) मध्ये ही मर्यादा ओलांडली गेली. पावांच्या राशीत राज्यचिन्हांची योजना आहे. १९३२–३३ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली होती. माश्कोव्हचा जन्मप्रदेश असलेले डॉनचे खोरेही त्यातून सुटले नव्हते. ही पार्श्वभूमी ध्यानी घेता या चित्रातील विपुलता निरागस राहत नाही. पाव येथे वस्तू नसून घोषणा आहे.

सारांश, पाटीविषयीची त्याची ओढ अखेरपर्यंत एकच राहिली. बदलला तो पाटीचा मालक. म्हणून माश्कोव्हचा दोष वास्तववादात शोधणे योग्य नव्हे. स्थिरवस्तुचित्राचे सामर्थ्य वस्तूच्या मौनात असते. १९२४ चा पाव हे मौन पाळतो, १९३६ चा पाळत नाही. त्याच्या कलेचे मूल्यमापन या भेदावरच व्हावयास हवे.