ओळख पटल्यानंतर

चित्रांविषयी मराठीत लिहिताना आपण दोन खण पाडून ठेवले आहेत. एकात ‘कळणारी’ वास्तवदर्शी चित्रे, दुसऱ्यात ‘न कळणारी’ अमूर्त. कलाशाळेची पायरी न चढलेला मी बरीच वर्षे याच वाटणीवर विसंबून होतो. कामगारवस्तीत वाढल्यामुळे माणसांची चित्रे तेवढी आमच्या बाजूची, असेही वाटे. प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) आणि सुधीर पटवर्धन (जन्म १९४९) यांची चित्रे शेजारी ठेवून पाहू लागलो, तेव्हा ही समजूत टिकेना.

बरव्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, शंख अशा घराअंगणातल्या वस्तू असतात. रंगही अनेकदा दारे-खिडक्यांना लावतात तो एनॅमल. तरी पाहणारा अडखळतो, कारण वस्तूंमधले रोजचे नाते सुटलेले असते. आकारमानांचा मेळ नाही, खाली जमीन नाही, सावलीही वस्तूपासून सुटी. साठच्या दशकात बरवे वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. कापडावरचा बुट्टाही असाच, झाडावरून सुटून मोकळ्या जागेत एकटा उभा राहिलेला. हा दुवा माझा तर्क आहे. पण ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकातले त्यांचे वस्तू आणि अवकाश यांविषयीचे चिंतन पाहता तो अगदीच वावगा वाटत नाही.

पटवर्धन २००५पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत. क्ष-किरणाची फिल्म चेहरा, कपडा, धंदा सारे वगळते. करड्या छटांतला देह तेवढा उरतो. म्हणजे अमूर्तीकरण त्यांच्या रोजच्या कामातच होते. कॅनव्हासवर त्यांनी ते वगळलेले परत आणले. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) या चित्राच्या नावातच ओळखीचे ठिकाण आहे. ‘लोअर परळ’ (२००१) मधला परिसर मात्र एका जागी उभे राहून दिसणारा नव्हे. वेगवेगळ्या बाजूंनी पाहिलेले तिथे एकत्र बसवले आहे. १९८२च्या संपानंतरचे गिरणगाव एका नजरेत मावणारे राहिलेच नव्हते. मग याला निव्वळ हुबेहूबपणा कसे म्हणावे?

बरवे ओळखीच्या वस्तूला तिच्या वापरातून सोडवतात, पटवर्धन माणसाला त्याच्या वस्तीत परत नेतात. दोघेही रोजच्या जगण्यातूनच निघतात आणि निवड, वगळणूक, फेरमांडणी दोघांनाही करावी लागते. म्हणून ‘हे कशाचे चित्र आहे?’ या प्रश्नाशी मी आता थांबत नाही. ओळख पटल्यानंतर त्या ओळखीचे चित्रकाराने काय केले, हे पाहतो. ‘आमच्या बाजूचे’ कोण, याचा निवाडाही त्यानंतरच करावा. तो मी पूर्वी फार घाईने केला होता.