गाव उठते; बसते कधी?

भाऊबीजेला लेक माहेरी निघते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे नुसते घर येत नाही. घराकडे नेणारी वाटही येते. पाराजवळचे वळण, पाणवठा, मारुतीचे देऊळ. पण ते गावच धरणाच्या पाण्याखाली गेले असेल तर? आमच्या वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात धनोडीपाशी, निम्न वर्धा धरण झाले आणि हा प्रश्न कित्येक घरांत खराखुरा येऊन उभा राहिला. भाऊ आहे, ओवाळणीचे ताट आहे. माहेर मात्र भूखंडाच्या क्रमांकावरून शोधायचे! हा प्रश्न मनाशी धरूनच विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ ही कादंबरी मी पुन्हा वाचली.

१९९१ साली ती प्रसिद्ध झाली आणि पुढल्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. धरणग्रस्तांची कथा म्हटली की आपण डोळे पुसण्याच्या तयारीने बसतो. लेखक ती सोय ठेवत नाही. पाणी चढण्याच्या कितीतरी आधी जांभळी गाव कागदावर बुडू लागते, हे तो दाखवतो. मोजणी, नोटीस, निवाडा, मोबदला, दाखला : एकेक शब्द साधा, सरकारी, पण प्रत्येकाबरोबर माणसाच्या पायाखालची वीतभर जमीन सरकते. महसुली कारभार आतून पाहिलेल्या लेखकालाच हे साधावे. खैरमोडे गुरुजींसारख्या सरळ माणसाची श्रद्धा या कागदांच्या ढिगाऱ्यात कशी कसाला लागते, ते वाचताना आपणच अस्वस्थ होतो.

तरीही एक उणीव बोलून दाखवलीच पाहिजे. गाव मोडण्याचा हिशेब या कादंबरीत पैपैचा आहे. गाव पुन्हा जुळण्याचा हिशेब मला त्रोटक वाटला. नव्या जागी देव कोठे बसवायचा, शेजार कोणाचा, पहिल्या मयताला खांदा द्यायला चार माणसे कोठून आणायची, या प्रश्नांपाशी लेखणी आणखी रेंगाळायला हवी होती. अन्यायाचा आवेग इतका मोठा आहे की संसाराचा बारीक आवाज त्यात बुडतो.

आणि तो आवाजच निर्णायक असतो. कोयनेची माणसे उठली तेव्हा पुनर्वसनाचा कायदा नव्हता. तो महाराष्ट्रात १९७६ साली आला. कोयनेकाठची कुटुंबे निरनिराळ्या जिल्ह्यांत विखुरली. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळणे हा न्यायच. पण आळीच्या बदल्यात आळी कोणता कायदा देणार?

येथे दूरदेशीची एक हकीकत आठवते. अमेरिकेतील चेरोकी लोकांना १८३८-३९ मध्ये सैन्याच्या पहाऱ्यात शेकडो मैल पश्चिमेला हाकलले गेले. त्या वाटेवर आणि छावण्यांत हजारो मेले. पण त्यांच्यातल्याच सेक्वोया नावाच्या माणसाने १८२१ च्या सुमारास सिद्ध केलेली लिपी ते बरोबर घेऊन गेले. १८३९ मध्येच त्यांनी टाहलेक्वा येथे नवी घटना केली. १८४४ मध्ये स्वतःचे वृत्तपत्र पुन्हा काढले. हरवलेली भूमी त्याने परत आली नाही, मेलेलेही नाहीत. परंतु ‘आम्ही’ हा शब्द त्यांनी वाटेत सांडू दिला नाही.

‘झाडाझडती’ने गाव उठवणाऱ्यांची झडती घेतली, ते तिचे मोठे काम आहे, आणि घराघरांत ती वाचली जावी. बसलेल्या गावाची कादंबरी मात्र अजून कोणीतरी लिहायची आहे. कदाचित ती वर्धाकाठच्या एखाद्या नव्या वसाहतीत, जुन्या गावाचे नाव नुसते ऐकून वाढलेली मुलगीच लिहील. तोवर आपण एवढे करावे : दिवाळीला विजेच्या माळा लावताना आणि कालव्यावरच्या शेतातली संत्री सोलताना, हे पाणी कोणाच्या अंगणावरून आले, ते मुलांना सांगावे.