ट्रान्स आणि आमची समाधी

माझी सगळी नोकरी ‘ट्रान्स्फर’ या शब्दाच्या धाकात गेली. त्यामुळे भाच्याने, “मामा, मला ट्रान्स आवडतं,” असं जाहीर केलं तेव्हा मी सवयीने विचारलं, “कुठे झाली?”

त्याने उत्तरादाखल माझ्या कानांवर हेडफोन चढवले. मला वाटलं, शेजारच्या प्लॉटवर पायलिंग सुरू झालं. धप्, धप्, धप्, धप्. मिनिटाला एकशे अडतीस ठोके! माझ्या नाडीला डॉक्टरांनी बहात्तरच्या आसपास राहायची ताकीद दिलेली आहे.

“यात गाणं कधी सुरू होणार?”

“हेच गाणं आहे, मामा. जरा वाट बघ.”

वाट बघण्यात मी मुरलेला आहे. घरच्या टेलिफोनसाठी आठ वर्षं थांबलेला माणूस मी! आणि खरं सांगतो, चार मिनिटांनी तो ठोका एकाएकी बंद पडला. पायाखालची जमीनच गेली म्हणा ना! नुसते लांबलचक सूर तरंगताहेत. मग काहीतरी चढत जातं. आता येईल, आता येईल म्हणता म्हणता ठोका परत येतो, आणि माझी मान आपोआप हलते. अहो, ही तर समेची गंमत! फरक इतकाच, की आपला गवई दर आवर्तनाला समेवर आणतो. ही मंडळी अख्ख्या गाण्यात एकदा, फार तर दोनदा.

या संगीताचा मुख्य प्रवाह १९९०च्या सुमारास जर्मनीत, फ्रँकफर्ट-बर्लिनकडे सुरू झाला. एक शाखा मात्र चक्क गोव्याची, हणजूणच्या किनाऱ्यावरची. तिथल्या उन्हात तबकड्या वाकड्या होत, म्हणून वाजवणारे कॅसेटी आणि पुढे डॅट टेपा वापरत. त्याच काळात आम्हीही गोव्याला गेलो होतो. मंगेशीचं दर्शन घेतलं, काजू घेतले आणि परत आलो.

पण मला खरा पटला तो इटलीचा रॉबर्ट माइल्स. १९९५ सालची त्याची ‘चिल्ड्रन’ ही रचना. तेव्हा इटलीत शनिवारची रात्र नाचून पहाटे गाड्या हाकणारी पोरं अपघातांत जात होती. घरी निघण्याआधी त्यांची डोकी शांत व्हावीत, म्हणून कार्यक्रमाच्या शेवटी वाजवायला त्याने ती केली. युगोस्लाव्हियातल्या युद्धात होरपळलेल्या मुलांचे वडिलांनी आणलेले फोटो, हीही त्यामागची प्रेरणा. वर पियानोची साधी ओळ, खाली तोच ठोका. पण इथे पायलिंग नाही. पोराच्या पाठीवर थोपटणारा हात आहे.

पुढे या संगीताला बरकत आली. नव्वदीच्या उत्तरार्धात रोलँडच्या जेपी-८००० या वाद्यात एका सुरात सात सूर मिसळायची सोय झाली. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनात टिएस्टोने खेळाडूंच्या संचलनाला संगीत वाजवलं. मान मोठा, पण त्या सात सुरांच्या नादाने पुष्कळ गाणी बासुंदीत श्रीखंड कालवल्यासारखी झाली. गोडी वाढली आणि वाट बघणं कमी झालं. वाट न बघता आलेल्या समेला मान कशी हलणार?

परवा शनिवारी भाचा रात्री अडीचला आला. मी जागाच.

“शेवटी काय वाजवलं रे?”

त्याने सांगितलेलं नाव मला कळलं नाही. ठोके बरेच असावेत, पोराचे डोळे तांबडे होते. मी त्याच्या हातून स्कूटरची किल्ली घेतली, खुंटीला लावली, आणि मग कुठे मला झोप लागली.