गिजुभाईंचे 'दिवास्वप्न' : एक पुनर्विचार

काही शब्दांचे नशीबच असे असते की, ते सर्वतोमुखी झाले म्हणजे त्यांतील अर्थ हळूहळू आटू लागतो. 'आनंददायी शिक्षण', 'कृतियुक्त अध्यापन', 'सहकार्यातून अध्ययन' हे शब्द सध्या या अवस्थेस पोहोचले आहेत. २०२० साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात या विचारास मानाचे स्थान मिळाले. खाजगी शाळांच्या माहितीपत्रकांत तर हे शब्द शुल्काच्या आकड्याशेजारीच विराजमान झालेले आढळतात. अशा वेळी, हा विचार इतका रूढ होण्यापूर्वी ज्या पुस्तकाने तो आपल्याच देशातील एका सामान्य प्राथमिक शाळेत उतरवून दाखविण्याचा यत्न केला, ते पुन्हा एकवार सावधपणे वाचावे हे आम्हांस अगत्याचे वाटते. ते पुस्तक म्हणजे गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न'. मूळ गुजरातीत ते १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत लिहिले गेले. त्याची स्तुती पुष्कळ झाली आहे; परीक्षण मात्र, आमच्या मते, व्हावे तितके झालेले नाही.

गिजुभाई (१८८५-१९३९) हे मूळचे वकील. १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. मादाम माँतेसरी यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. तथापि 'दिवास्वप्न' हा बालमंदिराचा वृत्तांत नव्हे. ती एक कल्पित कथा आहे. एक उत्साही गृहस्थ शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि प्रयोगासाठी प्राथमिक शाळेतील चौथीचा वर्ग एका वर्षापुरता मागून घेतो. अधिकारी सज्जन आहे, पण व्यवहारी आहे. प्रयोग खुशाल करा, परंतु वर्षअखेरीस परीक्षा आहे हे विसरू नका, अशी जाणीव तो देऊन ठेवतो. या एका अटीमुळे कथेस ताण प्राप्त होतो आणि वाचक शेवटपर्यंत बांधला जातो.

पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग आम्हांस त्याच्या आरंभीच आढळला. नवा शिक्षक पहिल्या दिवशी मोठी तयारी करून वर्गात येतो. शांतीचा खेळ खेळावयाचा, मुले डोळे मिटून स्वस्थ बसतील, बारीक आवाज ऐकतील, असा त्याचा बेत असतो. मुले मात्र त्याची यथेच्छ टिंगल करतात, वर्गात गोंधळ माजतो आणि अखेर त्यास मुलांना सुट्टी देऊन मोकळे व्हावे लागते. स्वतःच्या मताचा पुरस्कार करण्यासाठी लिहिणारा लेखक सहसा आपल्या नायकाची अशी फजिती पहिल्याच पानांत होऊ देत नाही. गिजुभाईंनी ती होऊ दिली, आणि येथेच त्यांचा खरा सिद्धांत प्रकट झाला. पुस्तकांत वाचलेली पद्धती, ती कितीही थोर असली तरी, समोरच्या मुलांची ओळख पटल्यावाचून निरुपयोगी ठरते. दुसऱ्या दिवशी शिक्षक आपली योजना बाजूस ठेवतो व गोष्ट सांगू लागतो. काल जो वर्ग आवरत नव्हता तो तल्लीन होऊन ऐकत राहतो. हा विजय गोष्टीचा आहेच; परंतु त्याहीपेक्षा तो आपली योजना टाकून देण्याचे धैर्य असलेल्या शिक्षकाचा आहे.

यापुढे हा वर्ग जसजसा बदलत जातो, तसतशी गिजुभाईंची कल्पकता खुलते. गोष्टीमागून वाचन येते. प्रत्येक मुलाने तेच ते पाठ्यपुस्तक विकत घेण्याऐवजी त्या पैशांतून निरनिराळी पुस्तके आणावीत व वर्गाचे एक छोटे ग्रंथालय करावे, ही त्यांची कल्पना वरकरणी लहान, पण परिणामी फार मोठी आहे. पंचवीस मुलांपाशी एकाच पुस्तकाच्या पंचवीस प्रती असल्या तर एकाने दुसऱ्यास देण्याजोगे काहीच उरत नाही. पुस्तके निराळी असली की देवघेव सुरू होते आणि संभाषणास विषय मिळतो. व्याकरण खेळातून येते, नाटक पाठांतरावाचून उभे राहते. ज्या विषयांना मुले जांभया देत, तेच विषय ती मागू लागतात.

इतके मान्य करूनही दोन गोष्टींकडे लक्ष वेधणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. पहिली गोष्ट कथेच्या रचनेसंबंधी आहे. या प्रयोगवीराच्या भोवती जे इतर शिक्षक वावरतात, त्यांना लेखकाने पुरता न्याय दिलेला नाही. ते कुरकुर करतात, हसतात, छडीवर विश्वास ठेवतात आणि अखेरीस विस्मित होतात. परंतु त्यांच्या कुरकुरीत काही तथ्य आहे. नायक हा वर्ग स्वतः मागून घेतो. त्याची मुदत एका वर्षाची आहे, आणि अधिकाऱ्याचे अभय त्याच्या पाठीशी आहे. शेजारच्या वर्गातील शिक्षकापाशी यांपैकी एकही गोष्ट नाही. अभ्यासक्रम पुरा करावयाचा, निकालाबद्दल जाब द्यावयाचा, आणि हे सारे एक वर्ष नव्हे तर आयुष्यभर करावयाचे, अशी त्याची स्थिती आहे. त्यास केवळ आळशी ठरविल्याने कथा रंगते, पण प्रश्न सुटत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. 'दिवास्वप्ना'तील वर्ग आनंदी आहे, परंतु त्या आनंदाचा उगम बहुतांशी एकाच व्यक्तीत आहे. गोष्ट शिक्षक सांगतो, खेळ शिक्षक योजतो, युक्ती शिक्षकास सुचते. छडीची सत्ता जाऊन तेथे प्रेमाची सत्ता आली हे खरे. पण सिंहासन जागच्या जागीच राहिले. असा शिक्षक बदलून गेला की वर्ग पूर्ववत होण्याचा धोका असतो. मुलांनी एकमेकांपासून शिकावे अशी योजना पुस्तकात अंकुररूपाने आहे, ग्रंथालयात आणि नाट्यात ती दिसतेही. परंतु तिचा वृक्ष झालेला नाही.

ही योजना कशी असू शकते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. १९७१ साली टेक्सस संस्थानातील ऑस्टिन शहरी गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना एका वर्गात बसविण्यात आले, तेव्हा वर्गांत मोठे वैमनस्य माजले. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने मुलांचे पाच-सहा जणांचे गट केले, धड्याचे तितकेच भाग केले आणि प्रत्येक मुलाकडे एकेकच भाग सोपविला. निरनिराळ्या गटांतील समान भागाची मुले प्रथम एकत्र बसून तो भाग पक्का करीत व मग आपापल्या गटात परतून इतरांस शिकवीत. ज्याला काल कोणी विचारीत नव्हते, त्याचे बोलणे आज लक्षपूर्वक ऐकल्यावाचून कोणाचाच धडा पुरा होत नसे. सद्भावनेचा उपदेश न करता परस्परांची गरज निर्माण करावयाची, हे या पद्धतीचे मर्म आहे.

याच्या उलट, आपल्याकडे 'गटकार्य' या नावाखाली जे चालते ते पाहावे. पाच जणांस एक प्रकल्प दिला जातो. एक कष्टाळू मुलगी रात्री जागून तो लिहिते, एखाद्याचे वडील चित्रे छापून आणतात, आणि मुखपृष्ठावर पाच नावे झळकतात. महाविद्यालयातही हाच प्रकार आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. यात सहकार्य नाही, केवळ श्रमांची विषम वाटणी आहे. भिंती रंगविल्या, बाके वर्तुळात मांडली, म्हणून अध्यापन नवे होत नाही. त्या वर्तुळातील प्रत्येकापाशी इतरांस देण्याजोगे काही आहे किंवा नाही, हीच खरी कसोटी होय.

गिजुभाईंच्या स्वप्नातील उणीव भरून काढण्याचे मोठे कार्य ज्यांनी केले, त्यांत एक नाव महाराष्ट्रास अभिमानास्पद आहे. ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या. पुढे त्या मुंबईस आल्या व १९४५ साली त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. तेथे अनुताई वाघ यांची त्यांना साथ लाभली. बोलावूनही मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम करताना, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविण्यात आली. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, खडे, शिंपले ही साधने झाली. 'दिवास्वप्ना'तील शिक्षकास निदान एक भरलेला वर्ग आयता मिळाला होता. ताराबाईंपुढे वर्गच नव्हता. आणि स्थानिक कार्यकर्त्या तयार करण्यावर त्यांनी भर दिल्यामुळे एका व्यक्तीचा प्रयोग अनेकांच्या हाती गेला. एका प्रतिभावंताच्या स्वप्नास अशी परंपरा लाभली, म्हणूनच ते टिकले.

आता आक्षेपकांच्या एका प्रश्नास उत्तर देणे प्राप्त आहे. खेळ आणि गोष्टी यांनी मुलांचा पाया कच्चा राहतो, असे सुशिक्षित घरांतूनही बोलले जाते. गिजुभाईंना ही शंका ठाऊक होती. म्हणूनच त्यांनी कथेत परीक्षेची अट टाळली नाही. त्यांचा शिक्षक अंक, भाषा, इतिहास यांपैकी काहीही सोडून देत नाही. केवळ त्यांकडे जाण्याची वाट बदलतो. सरावाची आवश्यकता आहे यात वाद नाही. परंतु ज्याचे प्रयोजन मुलास कळले आहे असा सराव आणि भयाने केलेली घोकंपट्टी यांत महदंतर आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेस बंदी घातली. गुणपत्रिकेचे भय मात्र कोणत्याही कायद्याने घालविता येत नाही, कारण त्याचे ठाणे शाळेइतकेच घरातही आहे.

म्हणूनच हे पुस्तक शिक्षकांपेक्षा पालकांनी अधिक आस्थेने वाचावे, अशी आमची शिफारस आहे. कथा म्हणून त्यात एकांगीपणा आहे, शेवट जरा अधिकच गोड झाला आहे, आणि सहकार्याचे तत्त्व त्यात अर्धेच उमलले आहे. पण मूल हे भरावयाचे भांडे नसून ऐकण्याजोगा माणूस आहे, ही श्रद्धा त्याच्या पानापानांत जिवंत आहे. शाळेतून आलेल्या मुलास आपण प्रथम 'किती गुण मिळाले?' असे विचारतो. त्याऐवजी 'आज तू कोणाला काय शिकविलेस?' असा प्रश्न ज्या घरात ऐकू येईल, त्या घरापुरते तरी गिजुभाईंचे स्वप्न दिवसाढवळ्या खरे झाले असे म्हणण्यास हरकत नाही.