गोव्याचा प्रश्न आणि मैत्रीच्या तहांची भाषा

राष्ट्राच्या परराष्ट्रधोरणाचा त्याच्या मैत्रीसंबंधांवर काय परिणाम होतो, या विषयावरील आपल्याकडील चर्चेचा साचा ठरून गेला आहे. एक पक्ष म्हणतो, अलिप्ततेमुळे भारताला कठीण प्रसंगी पाठीशी उभा राहील असा मित्र लाभला नाही. दुसरा म्हणतो, अलिप्ततेमुळेच दोन्ही गटांची दारे भारताला उघडी राहिली. दोन्ही पक्ष गोव्याचा दाखला देतात, आणि एकाच घटनेवरून दोन विरुद्ध निष्कर्ष निघावेत याचे वैषम्य कोणालाच वाटत नाही. या गोंधळाचे मूळ घटनांच्या अज्ञानात नाही. तहात लिहिलेल्या शब्दाचा अर्थ तहाच्या दिवशीच कायमचा ठरतो, या गृहीतकात ते आहे. वस्तुतः तो अर्थ पुढील वहिवाटीने ठरत जातो, आणि ही वहिवाट म्हणजेच धोरण होय.

प्रारंभ पुण्यापासून करावयास हवा. पहिले इंग्रज-मराठा युद्ध चालू असता १७७९ मध्ये पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. पोर्तुगीजांच्या मैत्रीच्या मोबदल्यात पेशव्यांनी दमणच्या बाजूचा बारा हजार रुपयांचा वार्षिक महसूल तोडून देण्याचे मान्य केले. इंग्रजांशी झुंजत असता किनाऱ्यावरील दुसरी फिरंगी सत्ता शत्रूला मिळू नये, यासाठी दिलेली ही किंमत होती असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १७८३ व १७८५ च्या सनदांनी नगर हवेली व दादरा येथील गावे या महसुलापोटी लावून देण्यात आली. मैत्री तात्कालिक होती. गावे मात्र १९५४ पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिली.

ती गावे मुक्त झाल्यावर पोर्तुगालने १९५५ च्या डिसेंबरात हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. १२ एप्रिल १९६० च्या निकालाचा जो भाग तहाच्या अर्थासंबंधी आहे तो भाषेच्या अभ्यासकाने अवश्य वाचावा. मराठ्यांना जेथे सार्वभौमत्व द्यावयाचे असे तेथे त्यांच्या तहांत तशी स्पष्ट शब्दयोजना आढळते. प्रस्तुत तहात व सनदांत ती नाही. सबब मराठ्यांनी दिला तो केवळ सरंजाम अथवा जहागीर, राज्याधिकार नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. पुण्याच्या दफ्तरातील एका शब्दाला इतके जागतिक महत्त्व क्वचितच लाभले असेल. परंतु न्यायालय तेथेच थांबले नाही. मराठ्यांनंतर आलेल्या इंग्रजांनी त्या गावांवरील पोर्तुगीज सत्ता प्रत्यक्ष व्यवहारात मान्य केली होती, म्हणून ती मान्य झालीच, असेही त्याने म्हटले. मूळ शब्द सरंजामाचा, वहिवाट सार्वभौमत्वाची. आणि वहिवाट बलवत्तर ठरली. (निकाल अखेर दोन्ही बाजूंना अर्धाअर्धा अनुकूल झाला. नागरी जाण्यायेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्याचा नव्हता. आणि १९५४ मध्ये मार्ग अडविण्यात भारताचा दोष नव्हता.)

पोर्तुगालला शब्दाचे सामर्थ्य चांगले कळत होते. १९५१ मध्ये सालाझारच्या राजवटीने राज्यघटनेतून 'वसाहत' हा शब्द काढून 'सागरपार प्रांत' हा शब्द घातला. वसाहत सोडता येते, प्रांत सोडला की देश तुटतो. या नामांतराचा रोख मित्रराष्ट्रांकडेही होता. पोर्तुगाल १९४९ च्या उत्तर अटलांटिक कराराचा संस्थापक सदस्य. पण त्या कराराच्या सहाव्या कलमाने संरक्षणाचे क्षेत्र युरोप, उत्तर अमेरिका, त्या काळचा फ्रेंच अल्जीरिया व कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील अटलांटिक प्रदेश एवढ्यापुरते आखून दिले होते. गोव्याला प्रांत म्हटले तरी ते काही अटलांटिकमध्ये सरकत नव्हते.

तरीही शब्द रुजू लागला. बुल्गानिन आणि क्रुश्चेव्ह भारतात गोव्याविषयी भारताच्या बाजूने बोलत असतानाच, २ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस व पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्या यांच्या संयुक्त निवेदनात 'पोर्तुगीज प्रांत' हेच शब्द आले. चार दिवसांनी पत्रकारांनी छेडले असता डलेस यांनी त्याचा पुनरुच्चार केला. आपल्याकडे याचा संताप झाला तो योग्यच होता. पण या शब्दाने अमेरिकेवर संरक्षणाचे कोणतेही बंधन आले नाही, इकडे टीकाकारांचे लक्ष गेले नाही. सालाझारने मात्र तो शब्द वचन म्हणून घेतला असावा.

परीक्षा १९६१ च्या डिसेंबरात झाली. १८ तारखेस, भारतीय सैन्य गोव्यात शिरले असता, सुरक्षा परिषदेत युद्धबंदी व सैन्यमाघार यांचा ठराव मांडला गेला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान हे त्याचे प्रवर्तक. सात मते अनुकूल, चार प्रतिकूल: सोव्हिएट संघ, सिलोन, लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक. सोव्हिएट नकाराधिकाराने ठराव पडला. पोर्तुगालला मित्रांनी मते दिली, सैनिक एकही दिला नाही. १३७३ पासूनची इंग्लंडची मैत्रीही कामास आली नाही. याच मैत्रीचा आधार घेऊन इंग्लंडने १९४३ मध्ये अझोर्स बेटांवर सवलती मिळविल्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे जुन्या तहाचा अर्थ कोण व केव्हा लावतो हे कळते. उलट भारताचा सोव्हिएट संघाशी संरक्षणाचा कोणताच करार नव्हता. पण फेब्रुवारी १९५७ मध्ये काश्मीरच्या ठरावावर तोच नकाराधिकार वापरला गेला होता. अक्षराविना वहिवाट पडली होती.

मग गोव्याच्या कारवाईने भारताने मित्र गमावले काय? ही कारवाई कृष्ण मेनन यांच्या निवडणुकीसाठी झाली असे पाश्चात्त्य वृत्तपत्रे तेव्हा लिहीत. मेनन आपल्या उपनगरांचा समावेश असलेल्या उत्तर मुंबईतून उभे होते, आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये त्यांनी आचार्य कृपलानींचा मोठ्या मताधिक्याने पराभव केला. निवडणुकीचा विचार कोणाच्याच मनात नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु चौदा वर्षांच्या वाटाघाटी एका मतदारसंघासाठी संपविल्या, हे म्हणणे त्याहून भाबडे आहे. पुढील घटना पाहा. त्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले तेव्हा 'प्रावदा'ने २५ ऑक्टोबरच्या अग्रलेखात चीनला झुकते माप दिले. शस्त्रे आली ती गोव्यावरून रागावलेल्या अमेरिका व ब्रिटन यांच्याकडून. नोव्हेंबरात नेहरूंनी अमेरिकेकडे हवाई साहाय्यही मागितले, आणि मेनन यांना मंत्रिपद सोडावे लागले. मतांच्या यादीवरून मित्रांची यादी करणाऱ्यांनी हे अकरा महिने एकत्र वाचावेत.

'अलिप्तता' व 'तटस्थता' हे शब्द मराठीत एकमेकांच्या जागी वापरले जातात, त्यानेही चर्चेची हानी होते. काठावर उभा असलेला तो तटस्थ; अलिप्त मनुष्य पाण्यात असतो, फक्त त्याला काही चिकटू द्यावयाचे नसते. नेहरूंना पहिला शब्द नको होता तो यामुळेच. गोव्यात भारत तटस्थ नव्हताच, तो पक्षकार होता. आणि पक्षकाराला साहाय्य करणारा कोणी लागतो.

ते साहाय्य ९ ऑगस्ट १९७१ रोजी अक्षरबद्ध झाले. सोव्हिएट संघाशी झालेल्या त्या तहाच्या नावात शांतता, मैत्री व सहकार्य हे शब्द आहेत, संरक्षण नाही. चौथ्या कलमात भारताच्या अलिप्ततेचा आदर राखण्याचे वचन आहे. नवव्या कलमात आक्रमणाचा धोका उद्भवल्यास तत्काळ विचारविनिमय करण्याचे. त्या वर्षीच्या डिसेंबरात सुरक्षा परिषदेत सोव्हिएट नकाराधिकार पुन्हा वापरला गेला. तो नवव्या कलमामुळे की १९५७ व १९६१ च्या वहिवाटीमुळे, हे तहाच्या संहितेत शोधून सापडणार नाही.