महानायक आणि चौकट

कर्वेनगरात, म्हणजे जुन्या हिंगणे बुद्रुकात, एका अभ्यासिकेबाहेर चहा पिताना काही विद्यार्थ्यांचा वाद ऐकला. सुपरमॅन श्रेष्ठ की बॅटमॅन, चित्रे कोणाची सरस, पडद्यावर कोण फसला. मुले तयारीची होती. बोलता बोलता एकजण म्हणाला, "आपला सुपरहिरो एकच, बाबासाहेब!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र ते वाक्य खटकले. त्यातले प्रेम खरे आहे. पण त्या शब्दाबरोबर आपण काय काय स्वीकारतो, हे तपासले पाहिजे. मराठी समीक्षेने चित्रकथा हा पोरखेळ मानला. परंतु जे वाङ्मय कोवळ्या मनात नायकाची प्रतिमा घडवते, ते पोरखेळ कसे?

माझ्या पिढीचा महानायक वेताळ. ली फॉकने 1936 साली निर्मिलेला हा नायक इंद्रजाल कॉमिक्सने 1964 पासून भारतीय वाचकांपुढे आणला. तो गोरा. जंगलातले आदिवासी त्याला अमर समजतात, कारण बाप मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. आपण वाचला तो एकविसावा. म्हणजे रक्षकाची गादी वंशपरंपरेने चालायची आणि रक्षितांनी नुसती श्रद्धा ठेवायची! जन्माने मिळालेला अधिकार आणि वर देवत्वाचा मुलामा, ही रचना आपल्याला अनोळखी आहे काय? आम्ही ती पुस्तके भाड्याने आणून आधाशासारखी वाचली. ज्यांना वाचवले जाते त्या गर्दीत आपण उभे आहोत, हे मात्र ध्यानात आले नाही.

अमर चित्रकथा 1967 साली सुरू झाली. तिच्यात बाबासाहेब आले ते 1979 साली, लेखन एस. एस. रेगे यांचे, चित्रे दिलीप कदम यांची. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या रांगेत हा माणूस आला, याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण मालिकेचा साचा एका थोर पुरुषाभोवती फिरणारा. त्या साच्यात चळवळ ही पार्श्वभूमी होऊन बसते.

हा साचा खऱ्या अर्थाने मोडला 2011 च्या 'भीमायन'ने. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. आपली माणसे चौकोनी डब्यांत कोंबण्यास त्यांनी नकार दिला. पान विभागले ते भिंतीवरच्या दिग्ना नक्षीने. विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी, निर्मळ बोलण्याला पक्ष्याचा आकार. प्रसंगांच्या मध्ये आजच्या अत्याचारांच्या बातम्या येतात, त्यामुळे 'ते सारे पूर्वी होते' अशी पळवाट वाचकाला उरत नाही. येथे चित्रशैली ही सजावट नाही. ती भूमिका आहे.

दूरचित्रवाणीचे काय? स्टार प्रवाहवरील 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' (2019–2020) या मालिकेने हे चरित्र स्वयंपाकघरापर्यंत नेले. जेथे ग्रंथ पोहोचत नाही तेथे ते पोहोचले, हे मान्य केलेच पाहिजे. पण दैनंदिन मालिकेला रोज एक खलनायक लागतो. मग जात ही व्यवस्था न राहता एखाद्या दुष्ट माणसाचा दुर्गुण ठरते. दुष्ट हरला की प्रेक्षक समाधानाने झोपतो. व्यवस्था जागीच असते!

महाडचे उदाहरण घ्या. 1923 साली बोले यांचा ठराव, 1924 साली नगरपालिकेचा ठराव, आणि तरीही तळे बंदच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी पाणी प्याले आणि त्यांच्यामागून हजारोंनी. नंतर डोकी फुटली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 उजाडले. सुपरहिरो हे एका ठोशात उरकतो. म्हणूनच त्याच्या गोष्टीत लोकांना काही करावे लागत नाही. त्यांनी फक्त वर पाहायचे.

बाबासाहेबांना उडता येत नव्हते. ते चालत तळ्यापर्यंत गेले, आणि एकटे गेले नाहीत. कर्वेनगरच्या त्या मुलांपैकी कोणाच्या हाती ब्रश असेल, तर त्याने एका पानभर ती रांगच काढावी. प्रत्येक चेहरा वेगळा काढावा. त्यात आपला आजा सापडेल.