ग्रामन्यायाधिकाऱ्याची पात्रता : भोर-वेल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

ग्रामीण भागात न्यायदान कोणी करावे, हा प्रश्न ग्रामन्यायालय अधिनियम, २००८ ने एका वाक्यात निकाली काढला आहे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी होण्यास जो पात्र, तोच न्यायाधिकारी होण्यास पात्र. वस्तुतः विधी आयोगाच्या ११४ व्या अहवालात (१९८६) विधिज्ञ न्यायाधीशासोबत दोन सामान्य नागरिक बसावेत, अशी कल्पना होती. २ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आलेल्या अधिनियमात हे दोघे नाहीत. गावाची माहिती असणे ही पात्रता उरली नाही. ती पक्षकारांच्या तोंडून ऐकून घ्यावयाची बाब झाली.

भोर व वेल्हे (आता राजगड) या डोंगराळ तालुक्यांत बांध, पाणंद व सामाईक विहीर यांवरून वाद उद्भवतात. वहिवाटीचा रस्ता अडविल्याची तक्रार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये तहसीलदारापुढे जाते. कार्यकारी दंडाधिकारी म्हणून शांतता राखण्याचे बंधपत्रही तोच घेतो. त्यास विधी पदवीची अट नाही! एकाच बांधावरून रस्ता अडविणे व मारहाण असे दोन्ही घडले, तर पहिल्याचा निर्णय पदवीविना होऊ शकतो, दुसऱ्याचा होऊ शकत नाही. ही विसंगती अधिनियमाच्या अभ्यासकांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

२० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी किमान ३ वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. २००२ मध्ये ती शिथिल झाली होती. न्यायालयाचा अनुभव नसलेल्या नवपदवीधरांमुळे अडचणी आल्या, हे कारण प्रस्तुत लेखकास मान्य आहे. तथापि, वकिलीची पहिली वर्षे बहुधा अल्प मानधनावर काढावी लागतात. ज्याचे घर पुण्यात आहे त्यास ती परवडतात; पानशेतच्या वरच्या अंगाच्या वाडीतील मुलीस खोलीभाडे व खाणावळ भागविणेच कठीण. अधिनियमाचे कलम ६ मात्र अनुसूचित जाती-जमाती व स्त्रिया यांना प्रतिनिधित्व देण्यास सांगते. एकाच पदाच्या पात्रतेत दार उघडणारे व लोटून घेणारे असे दोन्ही हात आहेत.

अनुभवाची अट ठेवावयाची, तर तालुका विधी सेवा समितीच्या कामातील कालावधी तीत धरता येईल. विधी लिपिक म्हणून केलेले काम न्यायालयाने अनुभव म्हणून मान्य केलेच आहे. मग भोरच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात पक्षकाराचा अर्ज लिहून देणाऱ्या विधी पदवीधराचे काम त्यात का बसू नये?